बत्ताशाच्या शिंका

"म्याडम, उंदीर आलाय," हंबीरमामांनी दारातूनच वर्दी दिली.

मी एका म्हशीच्या कासेला मलम लावत होते आणि म्हैस मला लाथ घालायची संधी शोधत होती. "आला तर हाकला की! मला काय सांगताय?"

"हाकलू कसा? केसपेपर काढलाय की त्येचा."

हात धुऊन मी टेबलापाशी आले. हंबीरमामा आमच्या दवाखान्यातले परिचर. माझ्या वयाहून त्यांची नोकरी मोठी होती. केसपेपरवर जनावराच्या प्रकारात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी एवढंच छापलेलं असायचं. मामांनी ते सगळं खोडून खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : उंदीर, मोठा, शेपूट नाही. तक्रार : शिंका.

याला वीस वर्षं झाली. कोळवडे हे माझं नोकरीचं पहिलं गाव, कोल्हापूरच्या दक्षिणेला, उसाच्या पट्ट्यात. मी पंचवीस वर्षांची होते, मुंबईत शिकले होते, आणि डोक्यात हवा भरपूर होती. आपण पुण्या-मुंबईत लोकांची कुत्री-मांजरं तपासायची सोडून इथं म्हशींच्या मागं उभ्या आहोत, याचं दुःख मी रोज सकाळी नेमानं करत असे.

बाहेर व्हरांड्यात केरबा सुतार उकिडवे बसले होते. पांढरी टोपी, कानामागं पेन्सिल, मांडीवर वेताची बुट्टी. बुट्टीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर एक पांढरं-तपकिरी गिनिपिग बसलं होतं. मूठभर जीव, काळे टपोरे डोळे. माझ्याकडं बघून ते शिंकलं. फिच्. मग पुन्हा दोनदा. फिच् फिच्.

"ह्ये असं," केरबा म्हणाले. "रोज धा-बारा येळा. सकाळच्या पारी तर लईच."

"किती दिवस झाले?"

"हितं आला तवा चार-पाच दिस झ्याक हुता. मग लागलं शिंकाय. आता पंधरा दिस झालं बगा."

"तुमचं आहे?"

"माजं कुठलं वो! नातीचं. ती काय, तिकडं हुबी हाय."

अंगणातल्या कडुलिंबाखाली नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती. स्वच्छ फ्रॉक, दोन वेण्या, आणि नाकातोंडावर गच्च बांधलेला गुलाबी रुमाल. आमच्या दवाखान्याला शेणाचा वास येतो हे खरं, पण म्हणून एवढं? शहरातली नाजूक मंडळी, असं मी मनात म्हटलं. स्वतः मुंबईहून आल्यावर पहिला महिना मीही तेच केलं होतं, हे सोयीनं विसरून.

"नाव काय गं तुझं?"

"कार्तिकी."

"आणि याचं?"

"बत्ताशा."

"ये ना जवळ. तुझ्याशिवाय त्याची माहिती कोण सांगणार?"

"नको. मी इथंच बरी आहे."

मी बत्ताशाला उचललं. नाक कोरडं, घाण नाही. डोळे किंचित पाणावलेले. स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ वाजत होती. खाणं, पिणं, लेंड्या, सगळं व्यवस्थित, असं केरबांनी सांगितलं. म्हणजे जनावर धडधाकट आणि तरी शिंकतंय. मी पुस्तकात वाचलेलं काहीबाही आठवायला लागले आणि आठवलं ते मोठ्यानं बोलले.

"कार्तिकी, तुला एवढ्यात सर्दी झाली होती का? माणसाची सर्दी कधीकधी यांना लागू शकते."

रुमालावरचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. "नाही."

"आली तवा नाक गळत हुतं की गं तुजं," केरबा म्हणाले.

"नव्हतं! नव्हतं मला काही!" ती ओरडली आणि फाटकाबाहेर पळाली. तिथं रस्त्याच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

केरबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "माज्यासंगं बी असंच. जवळ म्हणून येत न्हाई. जेवाय बसली तर त्या कोपऱ्यात पाट घिऊन जाती. रातच्याला म्या म्हणलं, ये, गोष्ट सांगतो, तर म्हणती, लांबूनच सांगा. म्या काय केलंय तिचं, मला तर कळंना झालंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा आणि सून पुण्याला. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचीच बंदी केलेली. मुलगा बायकोला बघणार, नोकरी बघणार, का पोरीला बघणार? म्हणून पोरगी तीन महिन्यांसाठी आजोबांकडं, आणि पोरीबरोबर बत्ताशा. केरबांची बायको तानूबाई जाऊन दोन वर्षं झालेली. घरात तेव्हापासून ते एकटेच.

"ह्यो जीव गेला ना म्याडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तर पोरगी माज्या घरात एक दिस ऱ्हायची न्हाई. आणि एकदा गेली तर परत माज्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई. कायबी करा, पर ह्येला वाचवा."

एवढं ऐकल्यावर रिकाम्या हातानं पाठवणं मला कमीपणाचं वाटलं. डॉक्टरकडं आलेल्या माणसाला सुई दिसली पाहिजे, हा कोळवड्याचा नियम मी दहा महिन्यांत पुरता अंगात भिनवला होता. शेळ्यांना खोकला-शिंका आल्या की आम्ही पेनिसिलिन टोचायचो. शेळीचा डोस वजनाच्या हिशेबानं भागून मी बत्ताशाचा डोस काढला, सुईत भरला आणि बत्ताशाच्या मानेची कातडी चिमटीत धरली.

"म्याडम," हंबीरमामा मागून म्हणाले, "ह्येच्या परास सुई मोठी दिसाय लागलीया."

मला राग आला. पण सुई खरंच मोठी दिसत होती. आणि बत्ताशा माझ्या तळहातावर इतका निर्धास्त बसला होता की माझाच हात अडला. "थांबा जरा," मी म्हटलं. "एक फोन करून येते."

समोरच्या किराणा दुकानात फोन होता. माझी मैत्रीण अस्मिता पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवायची. तिचा मला फार हेवा वाटे, म्हणून मी तिला सहसा फोन करत नसे.

"पेनिसिलिन?" अस्मिता किंचाळली. दुकानदारानं गूळ तोलता तोलता वर बघितलं. "वैजू, दिलंस?"

"अजून नाही."

"देऊ नकोस! अगं, गिनिपिगला ते चालत नाही. त्याच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात, नको ते माजतात, आणि चार दिवसांत खेळ खलास. वाचलीस बाई तू. तो वाचला."

मी दुकानातल्या ज्वारीच्या पोत्यावर बसले.

"आता नीट सांग," अस्मिता म्हणाली. "नाकातून काही येतं? नाही? श्वास घरघरतो? नाही? खातोय? मग तू औषध शोधू नकोस, कारण शोध. तो राहतो कुठं? वाऱ्याच्या झोतात ठेवलाय का? चुलीचा धूर, उदबत्त्या? शेजारी ससे आहेत का, त्यांच्याकडून लागण होते? गवताला धूळ आहे का? मुताचा वास कोंडतोय का? पेरू, कोथिंबीर असं क जीवनसत्त्वाचं काही मिळतं का त्याला? आणि खाली काय घालतात? भुसा असला तर कसल्या लाकडाचा? वासाची लाकडं यांना सोसत नाहीत."

"गवत घालतात बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? तू पाहिलंस?"

"नाही."

"मग बघ आधी. जनावर बघून झालं की त्याचं घर बघायचं असतं. म्हशींचा गोठा बघतेस ना? तसंच हे."

परत येऊन मी ती सुई मोरीत रिकामी केली. हंबीरमामांनी पाहिलं. केरबांना म्हटलं, "दुपारी तुमच्या घरी येते."

केरबांचं घर गावाच्या कडेला, कालव्याजवळ. पुढं सोपा, सोप्याच्या एका बाजूला कामाची जागा. भिंतीला करवती, पटाशा, लहानमोठे रंधे ओळीनं लावलेले. बऱ्याच हत्यारांवर धूळ होती. फक्त एक रंधा नुकताच वापरल्यासारखा चकचकीत दिसत होता.

कार्तिकी कालव्याकडून गवताची पेंढी घेऊन येत होती. रुमाल तसाच नाकातोंडाला. तिनं गवत हौदावर धुतलं, एक एक काडी झटकली, उन्हात सुपावर पसरलं, आणि आधी वाळलेलं उचलून उंबऱ्यावर आणून ठेवलं. आत आली नाही. ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकली. केरबांनी ते उचलून आत नेलं.

"तू नाही घालत त्याला?" मी विचारलं.

"आबा घालतात."

"उचलून घेतेस की नाही कधी?"

ती सुपावरचं गवत हलवायला लागली.

मी म्हटलं, "बत्ताशाला पेरू पाहिजे, आणि कोथिंबीर. हंबीरमामांच्या परसात पेरूला पेरू लागलेत. आणतेस? पिकलेला नको, गाभुळलेला आण." ती लगेच निघाली. हंबीरमामांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तासाभराची निश्चिंती.

मग मी अस्मिताची यादी घेऊन झडतीला लागले. वाऱ्याचा झोत? नाही, बत्ताशाचं लाकडी घर सोप्याच्या आडोशाच्या कोपऱ्यात होतं. चूल? नव्हती, गॅस होता, तोही मागच्या बाजूला. ससे? छे. उदबत्ती?

"ती गेल्यापासनं म्या लावली न्हाई," केरबा म्हणाले. "देव बी तिचंच हुतं. कोनाड्यात हाईत, असंच."

मुताचा वास? तो कुठंच नव्हता. वास होता, पण छान होता. थंड, गोडसर, देवळात गेल्यावर येतो तसा. मला इतका आवडला की मी तो छाती भरून घेतला.

"हे घर तुम्ही केलंत?"

प्रश्न तोंडातून निघायची खोटी, केरबांचा चेहराच बदलला. सकाळपासून पाहिलेला खालमानेचा म्हातारा कुठच्या कुठं गेला. त्यांनी ते घर दोन्ही हातांनी उचलून चौरंगावर माझ्यापुढं मांडलं. काय सांगू, तसं काम मी आजवर पाहिलं नाही. दोन मजली घर. वरच्या मजल्यावर चढायला उतरता जिना, त्याला पाय घसरू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या. खिडक्यांना बारीक गज. दाराला उंबरा, उंबऱ्यावर कमळ कोरलेलं. छप्पर वर उचलता येईल असं.

"खिळा एक बी न्हाई," केरबा म्हणाले. "समदं कुसवात कुसू, म्हंजे खाचंत दात, बसवून. त्येच्या पायाला काय टोचाय नगं म्हणून. आणि लाकूड कंचं हाय, सांगा बगू?"

"कुठलं?"

"देवदार! पेटाऱ्याला मारत्यात त्ये स्वस्तातलं न्हवं, हिमालयातलं अस्सल. आमच्या गावचं सुभेदार पलटणीतनं पेन्शनीत आलं तवा चार फळ्या घिऊन आलं हुतं. म्या त्यास्नी खाट करून दिली, त्येनी मला ह्या फळ्या दिल्या. वीस वर्सं माळ्यावर जपल्या. आमच्या हिला देव्हारा पायजे हुता देवदाराचा. करतो, करतो म्हणत ऱ्हायलो. गावाची दारं-खिडक्या झाली, हिचा देव्हारा ऱ्हायला तो ऱ्हायलाच." त्यांनी उंबऱ्यावरच्या कमळावरून बोट फिरवलं. "ती गेल्यावर हत्यारच हातात धरवंना. दोन वर्सं रंधा बघितला न्हाई. ही पोरगी आली. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ह्येला घिऊन बसलेली. म्हणलं, देवाचं लाकूड हाय, देवाघरच्या फुलासाठी वापरू. चार दिस राबलो. ज्या दिशी घर फुडं ठेवलं, त्या दिशी पैल्यांदा मला 'आबा' म्हणली. त्येच्या आदी नुसतं 'अहो' म्हणायची."

मी छप्पर उचललं. वर गवताचा पातळ थर होता. गवत बाजूला केलं तर खाली पिवळसर, कुरळ्या, पातळ ढलप्या भरलेल्या.

"ह्या?"

"रोज सकाळी ताज्या काढून घालतो. उरल्याल्या फळीवर रंधा मारायचा, त्येच्या. म्हंजे वास टिकून ऱ्हातो. देवदाराला कीड लागत न्हाई, म्याडम. जीव निरोगी ऱ्हातो त्येच्यात."

मी वाकून नाक आत घातलं आणि नीट हुंगलं. नाकाच्या मुळाशी झोंबलं. आणि मी शिंकले. एकदा, दोनदा, तीनदा. हंबीरमामांच्या केसपेपरावर माझंही नाव घालायला हरकत नव्हती.

मला सगळं कळलं. चार-पाच दिवस चांगला होता. चार दिवस घर करायला लागले. सकाळी जास्त शिंकतो, कारण सकाळी ताज्या ढलप्या पडतात. मला सुंदर वाटणारा वास नाकापाशी चोवीस तास कोंडला तर एवढ्याशा जिवाचं काय होणार!

पण हे त्यांना सांगायचं कसं? मी म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. बत्ताशाला बुट्टीत घातलं, खाली लुगड्याचा तुकडा, वर कार्तिकीनं धुतलेलं गवत, आणि बुट्टी अंगणातल्या सावलीत ठेवली. आम्ही दोघं शेजारी बसून राहिलो. अर्धा तास गेला. बत्ताशानं गवत खाल्लं, तोंड धुतलं, डुलकी काढली. एक शिंक नाही. केरबांचा चेहरा उजळत चालला होता. मग मी त्याला उचलून परत देवदाराच्या घरात ठेवलं.

पाच मिनिटं झाली असतील. फिच्. फिच् फिच्.

केरबांनी माझ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळं आयुष्य लाकडात गेलेला माणूस तो. ते मटकन चौरंगाशेजारी खाली बसले.

"म्हंजे म्याच," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत असणार? मलाही सकाळी माहीत नव्हतं."

"पंधरा दिस. रोज सकाळी उठून म्याच त्येला..."

मला त्यांची इतकी दया आली की मी माझ्या मते फार शहाणपणाचा उपाय काढला. म्हटलं, "काका, कार्तिकीला हे सांगायची गरज नाही. गवताची धूळ नाकात जात होती, असं सांगू. थोडे दिवस बत्ताशा बुट्टीत राहील, मग हळूच दुसऱ्या लाकडाचं घर करा. तुमचं नाव कुठं यायचं कारण नाही. तिनं तुम्हाला नुकतं आबा म्हणायला सुरुवात केलीय."

केरबा कानामागची पेन्सिल काढून बोटांत फिरवत राहिले.

"गवताची धूळ," ते म्हणाले. "म्हंजे तिनं आणल्यालं गवत."

"हो, पण ती विसरून जाईल. लहान आहे."

"न्हाई म्याडम. चूक माजी, आणि नाव तिच्या गवताचं? एक एक काडी धुती वो ती पोरगी." त्यांनी मान हलवली. "सांधा चुकला की काही सुतार भुसा नि सरस भरून वरनं रंग मारत्यात. चार वर्सं दिसाय झ्याक दिसतंय. पर दार कवातरी निखळतंयच, आणि निखळतंय तवा कुणाच्या तरी अंगावर पडतंय. म्या जनमात तसं काम केलं न्हाई. म्या सांगतो तिला. मग ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे."

मी ओशाळले. आणि ओशाळल्यामुळंच असेल, पण माझ्याही तोंडून गेलं, "काका, सकाळी मी त्याला सुई देणार होते ना, ती दिली असती तर तो मेला असता. मला माहीत नव्हतं. फोन केला म्हणून वाचला."

केरबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, कसली डाक्टरीन तू. ते म्हणाले, "मग दोघंबी वाचलो की आपण."

तेवढ्यात कार्तिकी आली. ओच्यात चार पेरू, हातात कोथिंबिरीची जुडी. नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली.

"पोरी," केरबा उठून उभे राहिले. टोपी नीट केली, पंचांसमोर उभं राहावं तशी. "तुज्या बत्ताशाला काय झालंय, सापडलं. माजी चूक हाय. म्या जे घर केलं ना, त्येच्या लाकडाचा वास त्येला सोसंना. त्येनं शिंकतोय. मला वाटलं, चांगलं लाकूड हाय. मला माफ कर."

कार्तिकी हलली नाही. "लाकडामुळं?"

"व्हय."

"फक्त लाकडामुळं?" आता ती माझ्याकडं बघत होती. "सर्दीमुळं नाही?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्याला सर्दी झालेलीच नाही. छाती अगदी स्वच्छ आहे."

"पण मला होती. मी सकाळी खोटं बोलले. मला खूप सर्दी होती आणि गाडीत मी त्याला इथं," तिनं गालाला हात लावला, "इथं धरून आणलं होतं."

"त्यानं काही झालं नाही त्याला."

"नक्की?"

"नक्की. बाहेर ठेवला तर एकदाही शिंकला नाही. विचार आबांना."

पेरू ओच्यातून निसटून अंगणात घरंगळले. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. "मग आईचं?" तिनं विचारलं. "आईला तर माझ्यामुळंच झालं ना?"

"आईचं काय?" केरबा गोंधळले.

"मी शाळेतून आले आणि आईच्या अंगावर उडी मारली. बाबा म्हणाले, अगं, हळू. आणि दुसऱ्या दिवशी आई पलंगावर झोपली ती उठलीच नाही. मग मी इथं आले तर बत्ताशाला झालं. मी ज्याला हात लावते त्याला होतं." ती आता हुंदके देत होती, रुमाल भिजून तोंडाला चिकटला होता. "म्हणून मी आबांच्या जवळ जात नव्हते. आबा म्हातारे आहेत. त्यांना झालं असतं तर?"

केरबा तोंड उघडं टाकून बघत राहिले. पंधरा दिवस त्यांनी कोपऱ्यातला तो पाट पाहिला होता आणि मनाशी समजूत करून घेतली होती की पोरीला आपण नकोसे आहोत. आणि पोरगी मात्र त्यांना जपत होती. माझ्या अंगावर काटा आला, तो आणखी एका गोष्टीनं. गवताची धूळ, असं मी म्हणणार होते. तिनं आणलेलं, धुतलेलं, वाळवलेलं गवत. माझं ते शहाणपणाचं खोटं तिच्या डोक्यावर तिसरा दगड होऊन बसलं असतं, आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले. "कार्तिकी, मी जनावरांची डॉक्टर आहे. या दहा महिन्यांत मी शंभरेक म्हशी-गाईंची बाळंतपणं केलीत. उडी मारल्यानं असं काही होत नाही. काका, सूनबाईंना डॉक्टरांनी काय झालंय म्हणून सांगितलं?"

"वार खाली हाय म्हणून सांगितलंय," केरबा घाईघाईनं म्हणाले.

"ऐकलंस? पोटात बाळाला जेवण पोचवणारी वार असते, ती आईच्या पोटात जरा खालच्या बाजूला आहे. ती तिथं पहिल्यापासूनच आहे. कुणाच्या उडीनं ती खाली येत नाही. तू उडी मारली नसतीस तरी आईला झोपूनच राहावं लागलं असतं. आईला फोन करून विचार पाहिजे तर."

"माझ्यामुळं नाही?"

"नाही."

"कशातलंच नाही?"

"कशातलंच नाही."

तिनं एवढा मोठा श्वास घेतला की वाटलं, तीन आठवडे तिनं घेतलाच नव्हता. मग ती उंबरा ओलांडून आत आली. घराचं छप्पर उचललं, बत्ताशाला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि रुमाल गळ्यात ओढून त्याला गालाशी धरलं. बत्ताशानं तिच्या वेणीचं टोक चावायला सुरुवात केली.

केरबांनी लाकडी हातोडा घेतला आणि ते घर मोडायला बसले. मोडायला म्हणणं चूक आहे. एका बाजूनं हलकेच ठोकायचं, सांधा मोकळा करायचा, फळी बाजूला ठेवायची. एकही तुकडा फुटला नाही. "खिळं नसल्याचा ह्यो फायदा," ते म्हणाले. "लाकूड परत कामाला येतंय." खरंच आलं. पुढं सव्वा महिन्यानं पुण्याहून मुलगा झाल्याचा निरोप आला, आई-बाळ सुखरूप असल्याचा, त्या दिवशी त्याच फळ्यांच्या देव्हाऱ्यात तानूबाईंचे देव बसले. त्या देव्हाऱ्याच्या उंबऱ्यावर ते कमळ आहे. बत्ताशासाठी आंब्याच्या लाकडाचं साधं घर झालं, खाली वाकळेचे तुकडे, आणि तो पुढं चार वर्षं छान जगला.

पण त्या दुपारी एवढं काही झालं नव्हतं. केरबा शेवटची फळी सोडवत होते. खाली साठलेला देवदाराचा भुसा उडाला, उन्हाच्या पट्ट्यात चमकला, आणि केरबा शिंकले. दणदणीत, घर हादरेल अशी शिंक. मागोमाग दुसरी. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि हात भुशानं भरलेले, पुसायचं कशानं?

कार्तिकी जागच्या जागी थिजली. तिनं माझ्याकडं बघितलं.

मग तिनं बत्ताशाला माझ्या मांडीवर ठेवलं, गळ्यातला गुलाबी रुमाल सोडला, आणि आजोबांच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आबा, लाकडामुळं आहे हे," ती म्हणाली. "घाबरू नका. इकडं तोंड करा."

आणि तिनं त्यांचं नाक पुसलं.